दोंडाईचाची जाळी आणि परदेशी पाहुणे: खान्देशातल्या शस्त्रक्रिया विभागाने आंतरराष्ट्रीय भागीदारी कशी उभी करावी

दोंडाईचा म्हटलं की व्यापाऱ्याला मिरची आठवते आणि सर्जनला मच्छरदाणी. धुळे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार द्यायला बसवतात त्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरलं. देशातल्या आणखी काही सर्जनना त्यांनी सोबत घेतलं आणि २००३ साली अनुभव 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापून आणला. पुढे अशी जाळी आफ्रिकेतल्या देशांतही वापरली गेली. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवर केलेली तुलनात्मक चाचणी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. चाचणी उभी करण्यात स्वीडनचे संशोधक होते. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया पुन्हा उद्भवला होता, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच.

(हे वाचून कोणी बाजारातून मच्छरदाणी आणून कापायला बसू नये. कीटकनाशक लावलेली जाळी चालत नाही. शिवाय कापडाचा प्रकार आणि निर्जंतुक करताना लागणारं तापमान, दोन्ही नेमकं ठाऊक असावं लागतं.)

मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि थोडी हुरहूरही. प्रश्न आपल्या मातीतला होता, उत्तराची सुरुवातही इथेच झाली होती. मोठी चाचणी मात्र तिकडे झाली, कारण पैसा, संख्याशास्त्रज्ञ आणि वर्षभर रुग्णाचा माग काढणारी माणसं एकत्र आणणारी भागीदारी तिकडे होती. ती आपल्याकडे कशी उभी करायची, त्यासाठी हा लेख आहे. मी खान्देशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकवतो. परदेशी भागीदारीचे तीन प्रयोग जवळून पाहिले, त्यातले दोन फसले. लिहिलंय ते बरंचसं त्या दोन फसलेल्यांच्या जोरावर.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी ठरतो, शेत बटाईने द्यायचं तर तेही तेव्हाच ठरतं. बी कोणाचं, खत कोणाचं, मजुरी कोण देणार, माल कसा वाटायचा, हे पेरणीआधी बोलून होतं. परदेशी विद्यापीठाचा पाहुणा आला की मात्र आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि वाट्याचं बोलायला लाजतो.

पहिली पायरी: ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर उघडा

भागीदार शोधायच्या आधी मागच्या सहा महिन्यांचं शस्त्रक्रियांचं रजिस्टर घेऊन एका रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरला) आणि ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना बसवा. कोणत्या शस्त्रक्रिया किती झाल्या, तातडीच्या किती, रुग्ण कुठल्या तालुक्यातून आले, त्रास सुरू झाल्यापासून टेबलावर येईपर्यंत किती वेळ गेला, जखम चिघळली का, रुग्ण परत दाखवायला आला का? निम्मे रकाने रिकामे निघतील. निघू द्या. ते रिकामे रकाने हाच तुमचा पहिला निष्कर्ष.

२०१५ साली 'लॅन्सेट'च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने सांगितलं की जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल वेळेवर मिळत नाही. त्याच आयोगाने एखाद्या रुग्णालयाची ताकद जोखायला तीन शस्त्रक्रिया सुचवल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. या तिन्ही जिथे नियमित होतात असं ठिकाण रुग्णाला दोन तासांत गाठता आलं पाहिजे. आता ही मोजपट्टी धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्याला लावून बघा. तिथे बांबूच्या झोळीतून डांबरी रस्ता गाठेपर्यंतच दोन तास संपतात. हा आकडा तुमच्याच रजिस्टरमधून निघाला, तर जगातलं कुठलंही विद्यापीठ कान देऊन ऐकेल.

खान्देशाकडे प्रश्नांची कमतरता नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं (एका आनुवंशिक रक्तविकाराचं) प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णाला भूल देताना ऑक्सिजन, शरीरातलं पाणी आणि अंगाची ऊब, तिन्ही सांभाळावं लागतं. मग तातडीच्या शस्त्रक्रियेआधी सिकलसेलची तपासणी किती रुग्णांची होते? मळणीयंत्रात सापडलेले हात पहिल्या मदतीआधी कुठे कुठे फिरतात? आतडं फुटलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी का येतो? यातला एकच प्रश्न निवडा. पाहुण्यासमोर पाच प्रश्न ठेवले की तो सहावा, स्वतःचा, काढतो.

दुसरी पायरी: नेमकं काय हवंय ते ठरवा, मग माणूस शोधा

शिक्षण, प्रशिक्षण आणि संशोधन ही तीन वेगळी कामं आहेत. प्रत्येकाचा भागीदार वेगळा असतो, कागदपत्रंही वेगळी असतात. एकाच करारात तिन्ही कोंबली की एकही धड होत नाही.

शिकवण्याची पद्धत सुधारायची असेल, म्हणजे अभ्यासक्रम कसा आखावा, परीक्षा कशी घ्यावी, रेसिडेंटचं कौशल्य कसं मोजावं, तर परदेशी जायची गरजच नाही. 'फेमर' या अमेरिकी संस्थेची प्रादेशिक केंद्रं भारतात आहेत. मुंबईचं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, लुधियानाचं ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आणि कोइमतूरचं पीएसजी ही त्यातली जुनी नावं. विभागातल्या एका मध्यमवयीन, अजून न थकलेल्या प्राध्यापकाला तिथे धाडा. त्या ओळखींतून पुढचं बरंच उगवतं.

संशोधनात नवखे असाल तर थेट स्वतःची आंतरराष्ट्रीय चाचणी काढायचं स्वप्न बाजूला ठेवा. आधीच चालू असलेल्या मोठ्या जाळ्यात (अनेक रुग्णालयांच्या नेटवर्कमध्ये) एक केंद्र म्हणून सामील व्हा. 'ग्लोबलसर्ज' हे असंच जाळं. बर्मिंगहॅम विद्यापीठाशी जोडलेल्या जागतिक शस्त्रक्रिया संशोधन गटाचं भारतातलं मुख्य केंद्र लुधियानात आहे. अशा अभ्यासात प्रश्न आणि फॉर्म तयार मिळतात, तुम्ही ठरावीक काळ तुमच्या रुग्णांची माहिती भरायची. सहा महिन्यांत कळतं की आपला विभाग वेळेवर आणि खरी माहिती भरू शकतो की नाही. आमचा भरू शकला नव्हता. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण दुसऱ्यांदा सुधारलं.

ओळख कुठून काढायची? आपल्याच महाविद्यालयांतून शिकून इंग्लंड-अमेरिकेत गेलेली मुलं. धुळ्याची जुनी बॅच परदेशात कुठे कुठे आहे, याची यादी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर एका संध्याकाळी तयार होते. त्यांच्यातला जो अजून आखाजीला घरी फोन करतो आणि खापरावरच्या मांड्याची आठवण काढतो, त्याला आधी विचारा. त्याला इथली लाईट कधी जाते हे ठाऊक असतं. मोठ्या पदावरच्या परक्या प्राध्यापकापेक्षा तो दसपट उपयोगी.

एक सावधगिरी. पैसे भरा आणि तीन दिवसांत 'आंतरराष्ट्रीय फेलोशिप' मिळवा, अशा जाहिरातींचं पीक आलंय. कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली, किती शस्त्रक्रिया पाहायच्या किंवा करायच्या, हे लिखित नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीला शोभा देईल, बाकी काही नाही.

तिसरी पायरी: पहिलं पत्र

पहिला ईमेल पंधरा ओळींपेक्षा मोठा नको. आम्ही कोण, वर्षाला कोणत्या शस्त्रक्रिया किती करतो, आमचा एक प्रश्न, सहा महिन्यांच्या रजिस्टरमधले दोन आकडे, आम्ही काय देऊ शकतो आणि तुमच्याकडून काय हवंय. 'आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास धन्य होऊ' हे वाक्य काढून टाका. ते लिहिलं की बटाईदार न राहता तुम्ही सालदार होता.

ऑनलाइन बैठकीची वेळ आधीच पक्की करा. इंग्लंड हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. आपली संध्याकाळी सातची बैठक त्यांच्या जेवणाच्या सुट्टीनंतर पडते, दोघांनाही सोयीची. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेनऊ ते साडेदहा तास मागे, तिथे एकाची सकाळ लवकर सुरू होते, नाहीतर दुसऱ्याची संध्याकाळ लांबते. तो त्रास प्रत्येक वेळी आपल्यालाच होऊ नये. आळीपाळी ठेवा, हे पहिल्याच बैठकीत म्हणा. म्हणायला सोपं वाटतं, पण समोरचा कसा आहे हे त्याच्या उत्तरावरून तिथेच कळतं.

चौथी पायरी: करारात वाटा लिहा

सामंजस्य करार म्हणजे एमओयू. बहुतेक एमओयूत 'परस्पर सहकार्याची भावना' असते आणि दुसरं काही नसतं. सही कोणी करायची हे आधी विचारा. सरकारी महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या वरची परवानगी लागू शकते, खासगीत विश्वस्त मंडळाची. विभागप्रमुखाने स्वतःच्या सहीने केलेला करार बदली झाली की त्याच्याबरोबरच जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खालचे मुद्दे नुसते लिहू नका, त्यांवर भांडा:

– गोळा केलेली माहिती कुठल्या सर्व्हरवर राहील, मूळ प्रत कोणाकडे, ती नंतर दुसऱ्या कामाला वापरायची तर परवानगी कोणाची.
– रक्त, ऊतींचे नमुने परदेशी जाणार असतील तर किती, कशासाठी, उरलेल्यांचं काय. आमचं मत: शक्यतो जाऊच देऊ नका, तपासणी इथे उभी करा.
– लेखावर पहिलं आणि शेवटचं नाव (दोन्ही मानाच्या जागा) कोणाचं. एका लेखावर त्यांचं पहिलं असेल तर पुढच्यावर आपलं.
– पगार. माहिती भरणाऱ्या संशोधन सहायकाचा पगार कोण देणार? हा मुद्दा वगळला की तो भार रेसिडेंटवर फुकटात पडतो.
– पाहुण्याने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही बिघडलं, तर तो गेल्यावर रुग्णाला कोण बघणार.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक परदेशी पथक आठवडाभर आलं. शस्त्रक्रिया छान केल्या, हातही सुरेख. शुक्रवारी विमान धरलं. पुढच्या बुधवारी त्यातल्या एका बाईची जखम उसवली. केसपेपरवर सविस्तर नोंद नव्हती, आत नेमकं काय केलंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ईमेलला उत्तर तीन दिवसांनी आलं. बाई वाचल्या, पण त्या रात्री ड्युटीवर असलेल्या रेसिडेंटने नंतर मला जे विचारलं ते अजून आठवतं: सर, हे शिकवायला आले होते की करून जायला?

पाचवी पायरी: परवानग्यांची रांग

इथे कंटाळा करून चालत नाही. क्रम चुकला की वर्ष जातं.

पहिली संस्थेची नैतिकता समिती. ती नियमाप्रमाणे नोंदलेली आहे ना ते बघा. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार औषधचाचण्या पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, तर इतर आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे व्हावी लागते. अभ्यासाचा आराखडा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून घ्या.

मग एचएमएससी, म्हणजे आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. परदेशी पैसा किंवा परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला तिची मंजुरी लागते, अर्ज आयसीएमआरमार्फत जातो. नवख्यांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं, कारण समोरच्या विद्यापीठाला ही समिती असते हेच माहीत नसतं. ते 'आमच्या नैतिकता समितीने मंजूर केलंय' म्हणतात आणि तुम्ही संकोचाने मान हलवता. हलवू नका. अनुदानाच्या वेळापत्रकात या मंजुरीसाठी काही महिने धरायला त्यांना पहिल्या बैठकीतच सांगा.

तुलनात्मक चाचणी असेल तर पहिला रुग्ण सामील होण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करा. नोंदणी मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद करता येत नाही, त्यामुळे 'नंतर बघू' चालणार नाही.

पैशाचं. ट्रस्टच्या रुग्णालयात परदेशी देणगी किंवा अनुदान घ्यायचं असेल तर परकीय योगदान नियमन कायदा आडवा येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतो, एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. सरकारी संस्थेचं गणित वेगळं. दोन्हीकडे पहिला फोन सनदी लेखापालाला, भागीदाराला नंतर.

माहितीचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा. नाव, आधार, मोबाईल क्रमांक अभ्यासाच्या फॉर्ममध्ये नको. रुग्णाला सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि कोणता क्रमांक कोणाचा ही वही विभागात कुलपात ठेवायची. माहिती भरायला 'रेडकॅप' ही प्रणाली चांगली. ना-नफा संस्थांना ती परवान्यासाठी पैसे न घेता मिळते.

संमतिपत्राबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे बहुतेक जण फसवणूक करतात, स्वतःचीच. इंग्लंडहून आलेला बारा पानी मजकूर पुण्याच्या मराठीत उतरवला म्हणजे तळोद्याच्या पावरा आजोबांना समजला असं होत नाही. त्यांची बोली बोलणाऱ्या आशाताईंकडून किंवा वॉर्डातल्या मावशीकडून तो आधी त्या बोलीत सांगून घ्या, तेच शब्द रेकॉर्ड करा आणि रुग्णाला ऐकवा. मग विचारा: 'मी काय सांगितलं ते मला तुमच्या शब्दांत सांगा.' अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. 'नाही म्हटलं तरी शस्त्रक्रिया होणारच' हे वाक्य दोनदा सांगा. आपल्याकडे डॉक्टरला नाही म्हणायची सवयच नाही.

सहावी पायरी: कोण कोणाला शिकवणार

परदेशी सर्जनने इथे हातात सुरी घ्यायची असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती नोंदणी हवी आणि त्या कामाला योग्य असा व्हिसा. पर्यटक म्हणून आलेल्या पाहुण्याला 'एक-दोन केस करूनच जा' म्हणणं हा पाहुणचार नव्हे, कायदेशीर फास आहे. नोंदणी नसेल तर त्याने पाहावं, बोलावं, कोरड्या मॉडेलवर शिकवावं.

आपले रेसिडेंट बाहेर जाताना 'ऑब्झर्व्हरशिप' आणि 'प्रशिक्षण' यातला फरक त्यांना पक्का समजावा. ऑब्झर्व्हर म्हणजे बघ्या, रुग्णाला हात लावायचा नाही. इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष हाताने शिकायचं तर एमटीआय नावाची योजना आहे. तिथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, मुक्काम कमाल २४ महिने, नंतर परत यायचं असतं. परत यायचं ही अट मला फार आवडते. जाण्याआधी बाँडची (शिक्षणानंतरची सक्तीची) सेवा आणि ना हरकत प्रमाणपत्र मार्गी लावा. तिकीट काढून झाल्यावर फाईल मंत्रालयात अडकल्याची उदाहरणं सांगत बसलो तर लेख संपणार नाही.

पण एक रेसिडेंट परदेशी गेला म्हणजे विभाग शिकला असं नाही. एखादी नवी शस्त्रक्रिया आणायची असेल, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटीची सिस्टर आणि तंत्रज्ञ हे चौघं एकत्र शिकायला हवेत. परदेशी भागीदाराकडे चार तिकिटांचे पैसे नसतील तर त्यांच्यातला एक शिकवणारा इथे बोलवा, चौघंही इथेच शिकतील. दोन आठवडे, आपल्या उपकरणांवर, आपल्या लाईटवर.

रोजच्या सरावाला परदेशी सिम्युलेटर लागत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, एक वेबकॅम, एलईडीची पट्टी आणि जुनी दुर्बिणीची उपकरणं, एवढ्यात दुर्बीण शस्त्रक्रियेचा सराव-डबा तयार होतो. खुंट्यांवरून खुंट्यांवर छोटे ठोकळे हलवायचे, वेळ लावायची, भिंतीवर नावानिशी लिहायची. टाक्यांसाठी रावेर-यावलचं केळं. साल जास्त ओढली की फाटते, कमी ओढली की कडा जुळत नाहीत. शिकाऊ हाताला याहून प्रामाणिक परीक्षक मिळायचा नाही, आणि तपासून झाल्यावर तो खाता येतो. लंडनच्या पाहुण्याला आम्ही हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, आम्हीही केळ्यावरच शिकतो, फक्त आमचं महाग आहे.

दूरस्थ मार्गदर्शन, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना तिकडून सल्ला, हे ऐकायला छान वाटतं. पण इंटरनेट ऐन वेळी जातं. त्यापेक्षा शस्त्रक्रियेची चित्रफीत, रुग्णाची ओळख पटणार नाही अशी, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून पाहायची. याचा मला जास्त फायदा दिसला.

सातवी पायरी: भेट आलेली यंत्रं

थोडक्यात. आपला विद्युतपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेचा सुमारे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आम्हाला भेट मिळालेला पोटात गॅस भरायचा इन्सफ्लेटर पहिल्याच दिवशी धूर काढून गेला. यंत्र स्वीकारण्याआधी विचारा: सुटे भाग भारतात मिळतात का, एकदाच वापरायचं सामान किती किमतीचं, दुरुस्ती कोण करणार, सीमाशुल्क कोण भरणार. उत्तर नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

उलट उदाहरणही आहे. दुर्बीण शस्त्रक्रियेला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि पूर्ण भूल दोन्ही गावाकडे अवघड. म्हणून इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या गटाने आणि भारतातल्या ग्रामीण सर्जननी मिळून गॅसविना, पोटाची भिंत वर उचलून करायच्या दुर्बीण शस्त्रक्रियेवर काम केलं. तिकडचं जुनं यंत्र इकडे टाकण्याऐवजी इकडच्या अडचणीसाठी नवं साधन बनवलं गेलं. भागीदारी मागायचीच तर अशी मागा.

आठवी पायरी: तीस दिवसांचा माग

संशोधनाचं खरं काम इथे आहे, आणि आपण इथेच नापास होतो.

बर्मिंगहॅमच्या गटाने भारतासह सात देशांत केलेली 'चीता' चाचणी २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. १३,३०१ रुग्ण. प्रश्न अगदी साधा: पोटाची जखम शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि उपकरणं बदलली तर जखम कमी चिघळते का? नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के रुग्णांच्या जखमा चिघळल्या, बदललेल्या पद्धतीत १६ टक्के. आधीच्या वर्षी त्याच गटाच्या 'फाल्कन' चाचणीत जंतुनाशक लेप दिलेल्या टाक्याच्या दोऱ्याचा फायदा दिसला नव्हता. म्हणजे महागड्या दोऱ्याने काही साधलं नाही, पण हातमोज्यांची एक जोडी आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) आलेला वेगळा ट्रे यांनी साधलं. असे प्रश्न धुळे, जळगाव, नंदुरबारला विचारता येतील असेच आहेत. पण त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी रुग्ण कसा आहे हे माहीत हवं.

आपला रुग्ण तिसाव्या दिवशी कुठे असतो? दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आमचा पहिला अभ्यास आम्ही नोव्हेंबरात सुरू केला, तेव्हा हे डोक्यातच आलं नाही. तिसाव्या दिवशीचे कितीतरी रकाने कोरे राहिले. भागीदाराने विचारलं, तेव्हा सांगायला तोंड नव्हतं. पुढच्या खेपेला आम्ही असं केलं:

भरतीच्या वेळी एका फोनऐवजी तीन घेतले: रुग्णाचा, शेजाऱ्याचा, आणि मुकादमाचा किंवा किराणा दुकानदाराचा. कुठल्या महिन्यात गाव सोडणार ते विचारून लिहिलं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने रुग्णाच्या सोबत्याला जखम कशी बघायची ते दाखवलं: लाली, पू, ताप, टाका सुटणं. फोनवर चार ठरलेले प्रश्न, रोज संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसा माणूस शेतात असतो. फोन करणारी मुलगी अहिराणी बोलणारी निवडली. एका मावशींनी तिला सुनावलं, "टाका सुकी ग्यात, आते कसाले येवानं?" तिने त्यांच्याच बोलीत पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि जखमेतून पाणी येतंय हे बोलता बोलता बाहेर आलं. पुण्या-मुंबईचा आवाज असता तर फोन तिथेच ठेवला गेला असता.

भागीदाराला हे खर्च समजावून सांगा. फोन, प्रवासभाडं, त्या मुलीचा पगार. अनुदानाच्या अर्जात 'पाठपुरावा' या नावाखाली आकडा घाला. माझ्या अनुभवात ते खळखळ न करता देतात. मागायला आपणच घाबरतो.

नववी पायरी: नाव कोणाचं

लेखक म्हणून नाव लावायला वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी चार कसोट्या ठरवल्या आहेत: कामात खरा वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि प्रत्येक आकड्याची जबाबदारी. आपल्याकडून दोन्ही बाजूंनी चूक होते. ज्या रेसिडेंटने रात्र रात्र माहिती भरली त्याला मसुदा पाठवलाच जात नाही, म्हणून तो कसोटीत बसत नाही. आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्या साहेबांचं नाव 'राहू द्या' म्हणून राहतं. मसुदा सगळ्यांना पाठवायचा, दहा दिवसांची मुदत द्यायची आणि ते ईमेल जपून ठेवायचे.

मोठ्या जाळ्यांच्या अभ्यासात गटाचं नाव लेखक म्हणून लागतं आणि प्रत्येक सहभागीचं नाव आत सूचीत येतं. पदोन्नतीच्या फाईलला ते चालेल का, हे आधी आस्थापना विभागाला विचारून ठेवा. नाहीतर चार वर्षांनी वाद होतो. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे वाचकाला फुकट असणाऱ्या नियतकालिकांची छपाई फी मोठी असते, ती अनुदानात धरून घ्या. वाचायला मात्र आता अडचण कमी. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमच्या ग्रंथपालांना लॉगिन मागा.

संशोधनपद्धतीचा पाया कच्चा वाटत असेल, तर आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम रेसिडेंटना तसाही करावा लागतोच. तो नुसता उरकू नका. प्रत्येक धड्यानंतर आपल्या रजिस्टरमधलं एक उदाहरण घ्या.

शेवटची पायरी: करार संपताना

अनुदान संपायच्या सहा महिने आधी एक बैठक फक्त संपण्याबद्दल घ्या. माहितीची पूर्ण प्रत विभागाच्या संगणकावर उतरली का आणि ती उघडते का, हे आपल्या माणसाने स्वतः उघडून बघावं. सांकेतिक क्रमांकांची वही कोणाच्या ताब्यात राहील, ते लेखी द्यावं. संशोधन सहायकाला अनुभवाचं पत्र द्यावं. ती पुढे कुठे जाते, यावर तुमच्या पुढच्या अभ्यासाला माणूस मिळेल की नाही ते ठरतं. निष्कर्ष ज्या गावांतून रुग्ण आले तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एका पानावर, साध्या मराठीत जाऊ द्या. आणि प्रकल्पातून आलेले लॅपटॉप, ऑक्सिमीटर, सराव-डबे, सगळे डेडस्टॉक रजिस्टरला (कायमच्या सामानाच्या वहीत) चढवून घ्या, अनुक्रमांकासह. आमचे दोन लॅपटॉप चढवले नव्हते. ते कुठे आहेत, हे विभागात सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर ते कधी आलेच नाहीत.